रविवारी चुलीला सुट्टी : शिवाजी पार्क ते माटुंगा

मैत्रिणींनो, कॅलेंडरवर रविवार लाल अक्षरात छापलेला असतो. तो कुणासाठी, हे मात्र तिथे छापलेलं नसतं. सोमवार ते शनिवार आपल्याकडे कशी एक शिस्त असते. डबे भरले, माणसं बाहेर पडली, की दहा-साडेदहाला आपण एक कप चहा घेऊन बसू तरी शकतो. रविवारी तेही नाही. कुणी आठला उठतं, कुणी दहाला. पोहे तीनदा गरम होतात. अकराला पुन्हा चहा. तोवर कुणीतरी विचारतंच, "आज काहीतरी स्पेशल आहे ना जेवायला?" मग पुरी-भाजी नाहीतर सामिष. भांडी आटोपेपर्यंत तीन वाजलेले असतात. चारला कुणीतरी 'सहज' येतं.

म्हणूनच हल्ली शहरात ज्या 'ब्रंच'चं एवढं कौतुक चालतं, त्याकडे नाक मुरडण्यापूर्वी आपण जरा थांबावं असं मला वाटतं. ब्रेकफास्ट आणि लंच यांची ही जोडगोळी. हा शब्द १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकाने 'हंटर्स वीकली'त मांडला. त्याचं म्हणणं असं, की रविवारी सकाळी लवकर उठून न्याहारी आणि मग जड जेवण असं दोनदा करण्यापेक्षा दुपारच्या तोंडावर एकदाच बसावं. शनिवारी रात्री मौजमजा करणाऱ्यांना उशिरापर्यंत झोपता यावं, हा त्याचा हेतू. स्वयंपाक करणारीची दया त्याला आली होती असं काही दिसत नाही. पण युक्ती चांगली आहे, आणि ती आपण आपल्या कारणासाठी वापरायला काय हरकत आहे?

तसं पाहिलं तर आपल्याकडे हे अगदीच नवं नाही. पूर्वी मुंबई-पुण्याचे नोकरदार आणि शाळेची मुलं सकाळी साडेनऊ-दहाला गरम वरण-भात जेवूनच बाहेर पडत. शेतावर सकाळच्या कामानंतरची न्याहारीही जेवणाच्याच तोडीची. वेळ तीच, पदार्थही आपलेच. नवीन एवढंच, की ते रांधणारी दुसरी कुणीतरी आहे आणि आपण बसून खातो आहोत.

तुम्ही म्हणाल, आम्ही राहतो तालुक्याच्या गावी, आम्हाला मुंबईच्या ब्रंचचं काय? पण सांगा, लग्नाचा बस्ता काढायला दादरला येता की नाही? भाचीच्या साखरपुड्याला, डॉक्टरला दाखवायला, मुलाच्या परीक्षेला? आणि आलात की उतरता कुठे? भावाकडे, दिरांकडे, मावसबहिणीकडे. मग त्या घरातल्या बाईचा रविवार कसा जातो, ते तुम्ही पाहिलंच असेल.

मी पाहिला, म्हणून हा लेख. थोरल्या वहिनी शिवाजी पार्कच्या अलीकडे एका जुन्या इमारतीत राहतात. गेल्या वर्षी खरेदीसाठी आम्ही पाचजण त्यांच्याकडे उतरलो होतो. रविवारी सकाळी सहाला मला जाग आली ती खोबरं खवण्याच्या आवाजाने. उठून पाहते तर वहिनी स्टुलावर बसून नारळ खवत होत्या. गुडघे दुखतात, उभं राहवत नाही, म्हणून स्टूल. आठ माणसांच्या उपम्याची तयारी झालेली, शेजारी दुपारच्या डाळिंब्या सोलायला ठेवलेल्या. मी म्हटलं, "वहिनी, आज सगळे बाहेर जाऊ या खायला." त्या एवढंच म्हणाल्या, "पाहुण्यांना हॉटेलात नेलं तर तुझे भाऊ काय म्हणतील?"

भाऊ काही म्हणत नव्हता. तो दर रविवारी पार्कात फेरी मारून मित्रांबरोबर बाहेर खाऊनच येई. वहिनींना त्याची काळजी नव्हतीच खरी. पाहुण्याला घरचं करून वाढलं नाही तर आपला कमीपणा, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. मग मी दुसरी वाट धरली. म्हटलं, "मला एकटीला धाडस होत नाही हो हॉटेलात जायचं. तुम्ही सोबत चला." तेव्हा कुठे खवणी बाजूला ठेवली.

जाताना वाटेत त्या सहज बोलल्या. एकतीस वर्षं त्या भागात राहून त्या हॉटेलातून त्यांनी कितीदा तरी पार्सल आणवलं होतं, पण आत बसून कधी खाल्लं नव्हतं. मला काय बोलावं सुचेना.

आता जागांविषयी. हा भाग मुंबईतल्या उच्चभ्रू वस्त्यांपैकी एक आहे, घरांच्या किमती ऐकल्या तर चक्कर येईल. पण खाण्याच्या बाबतीत अजून मध्यमवर्गीय माणसाला पेलवणारा आहे, हे त्याचं मोठेपण. सुरुवात मैदानापासूनच करा. हे मैदान १९२५ साली खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. ते बदलून १९२७ मध्ये शिवाजी पार्क झालं, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने. अवंतिकाबाईंनी १९१८ साली हिंद महिला समाज स्थापन केला होता. रोज हजारो माणसं ज्याचं नाव घेतात ते नाव एका बाईने महापालिकेत भांडून मिळवलं, हे तिथे फिरणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे! सकाळी साडेसात-आठला जा. एका बाजूला क्रिकेटच्या जाळ्या, दुसरीकडे समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबावर चढणाऱ्या मुली. कठड्यावर, म्हणजे प्रसिद्ध 'कट्ट्यावर', थोडा वेळ बसा. पोटात भूक यायला हवी ना!

मैदानाला लागूनच केळुसकर रस्त्यावर 'जिप्सी कॉर्नर' आहे. थालीपीठ, कोथिंबीर वडी, खरवस असले पदार्थ इथे मिळतात. बाहेर बसायला मिळालं तर झाडांच्या सावलीत बरं वाटतं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला सोयीचं.

तिथून शिवसेना भवनाच्या चौकात, म्हणजे गडकरी चौकात, 'आस्वाद'. इथल्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या 'फूडी हब' पुरस्कारांत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवण्यात आलं. त्यानंतरची रविवारची गर्दी काय वर्णावी! आता पुण्या-कोल्हापूरच्या मैत्रिणी भुवया उंचावतील, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. कोल्हापूरच्या कटासारखा झणका या मिसळीत नाही. ही मुंबईची सौम्य मिसळ, लहान मुलं आणि सासूबाई दोघांनाही चालणारी. मला विचाराल तर इथे मिसळ एक घ्यावी आणि सगळ्यांनी चाखावी. बाकी कोथिंबीर वडी आणि लोण्याबरोबरचं थालीपीठ मागवावं. वडी बाहेरून कुरकुरीत आणि आतून ओलसर हवी, आणि इथे ती तशी येते. घरी आपण वड्या तळतो तेव्हा पहिला घाणा मुलं पळवतात, दुसरा पाहुणे, आणि उरलेले तुकडे गार झाल्यावर आपल्या वाट्याला येतात. इथे पहिला घाणा आपल्या ताटलीत!

गोखले रस्त्यावरचं 'प्रकाश' वेगळ्या तऱ्हेचं. छोटंसं, गजबजलेलं, दिमाख नाही. जागा मिळाली की अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं. उरकलं की उठायचं, कारण दारात दुसरे उभे असतात. साबुदाणा वडा इथला नावाजलेला. चतुर्थीचा, एकादशीचा उपास असलेल्या बाईलाही इथे उपाशी राहावं लागत नाही. नंतर पियुष. तो दाट असतो, एक पेला दोघींत पुरतो. वाऱ्याच्या झुळकीसाठी किंवा गप्पांसाठी मात्र इथे जाऊ नका.

वहिनींना आम्ही कुठे नेलं ते इथे लिहीत नाही, कारण वेटरने आम्हाला पाऊण तास ताटकळत ठेवलं आणि मग दुसऱ्याच टेबलाचं खाणं आणून ठेवलं. कुणाचंही होतं असं. सांगायचं ते वहिनींचं. ताटली आली तसा त्यांनी हात पुढे केला तो स्वतःकडे ओढायला नाही, तर मला वाढायला! चमचा हातात घेऊन त्या सगळ्यांच्या ताटल्यांत घालत सुटल्या. भाचा ओरडला, "मामी, प्रत्येकाची वेगळी येणार आहे!" तेव्हा कुठे हात थांबला. मग त्यांनी सावकाश खाल्लं, आणि एका ताटलीवर न थांबता वेटरला बोलावून स्वतःच्या तोंडाने आणखी एक पाव मागितला. माझ्या भावाने मान वर करून पाहिलं. बोलला काही नाही.

ज्यांना इडली-डोशाची आवड त्यांनी रेल्वेच्या पलीकडे माटुंग्याला जावं. एक सांगून ठेवते, माटुंगा नावाची स्टेशनं दोन आहेत. पश्चिम रेल्वेवरचं माटुंगा रोड आणि मध्य रेल्वेवरचं माटुंगा. खाण्यासाठी उतरायचं ते मध्य रेल्वेच्या माटुंग्याला, पूर्वेकडे. या स्टेशनाचा सगळा कारभार २०१७ सालापासून स्त्री कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवला गेला, आणि अशा रीतीने चालणारं देशातलं ते पहिलं स्टेशन म्हणून नोंदलं गेलं. तिकीट खिडकीपासून स्टेशन मास्तरांच्या खोलीपर्यंत बायका!

स्टेशनाबाहेरच 'राम आश्रय', १९३९ सालचं. पहाटे पाचला उघडतं. पहिल्या गाडीने उतरलेल्या बाईला थरथरत उभं राहावं लागत नाही, गरम उपमा आणि फिल्टर कॉफी मिळते. इथला अननसाचा शिरा चुकवू नका. त्या त्या दिवशीचे पदार्थ फळ्यावर लिहिलेले असतात, तो फळा आधी वाचा.

किंग्ज सर्कलकडे गेलं की 'कॅफे मद्रास', १९४० सालापासूनचं. सोमवारी बंद, रविवारी तुडुंब. दारातला माणूस वहीत नाव लिहून घेतो आणि हाक मारतो, तोवर पदपथावर उभं राहायचं. रस्समवडा, पोडी इडली, लोण्याचा डोसा, जमल्यास बिशी बेळे भात. चौघं असाल तर चार वेगळे पदार्थ मागवा आणि वाटून घ्या, एकेक अख्खा खायला गेलात तर दोनातच पोट भरेल. आणि साडेआठच्या आत पोचा. दहाला गेलात तर ब्रंच नव्हे, जेवणाची वेळ होईल.

जेवणाचीच वेळ झाली तर स्टेशनाजवळ, फुलबाजाराच्या बाजूला पहिल्या मजल्यावर 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' आहे. ए. रामा नायक यांनी ते १९४२ साली सुरू केलं. केळीच्या पानावर वाढतात. बाहेर पडताना मोगऱ्याचा गजरा घ्या, आणि कॉफीची आवड असेल तर माटुंग्याच्या दुकानांत समोर दळून मिळणारी पूड. चिकोरी किती हवी ते आधी सांगायचं, नाहीतर दुकानदार आपल्या मताने घालतो. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी थोडी चिकोरी असू द्यावी, कॉफी दाट होते.

दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत 'कॅफे कॉलनी' हे इराणी हॉटेल आहे. ब्रन-मस्का आणि चहा. खरं तर आपला मूळचा 'ब्रंच' हाच म्हणायला हवा, नावातच आहे! जुन्या इराणी आणि उडुपी हॉटेलांत पूर्वी 'फॅमिली रूम' असे. लाकडी फळ्यांचे आडोसे, झुलती दारं किंवा पडदे. पुरुष बाहेर बसत आणि बायका-मुलांना आत नेत, कारण बाईने चारचौघांत तोंड हलवणं बरं दिसत नसे. आमच्या आत्याबाई सांगत, की आत उकडायचं, पंखा बाहेरच्या खोलीत. ते आडोसे आता बहुतेक ठिकाणी गेले. पण काही बायकांच्या मनात ते अजून तसेच आहेत, आणि कडी आतूनच लावलेली आहे.

आता नव्या पद्धतीच्या कॅफेंविषयी थोडक्यात. पार्काच्या आसपास ते बरेच झालेत. आंबवलेल्या पिठाच्या जाड पावावर अव्होकाडो नावाचं फळ लावून देतात. चव तशी मऊ, अळणी, लिंबू-मीठ पिळलं की बरी लागते. कॉफी उत्तम असते. पैसे खुर्चीचे आणि गार हवेचे, असं समजून एकदा जावं. मुलीबरोबर गेलात तर अधिक मजा येईल, तिला मागवू द्या.

पंचतारांकित हॉटेलांत रविवारी दुपारी मोठा ब्रंच असतो, माणशी काही हजार रुपयांचा. लग्नाच्या वाढदिवसाला, मुलाच्या पहिल्या पगाराला कुणी नेलंच, तर नाही म्हणू नका. पण काही गोष्टी आधी विचारून घ्या. सांगितलेल्या रकमेवर कर वेगळा असतो का? मुलांना सवलत कितव्या वर्षापर्यंत? पेयांसहितचा दर आणि पेयांविना दर वेगळा असतो, सरबत पिणाऱ्याने पहिला देऊ नये. आत गेल्यावर ताटली हातात न घेता एकदा सगळीकडे फिरून पाहा. बहुतेक लोक दारातल्या पाव-सॅलडनेच पोट भरतात, आणि जे घरी करता येत नाही ते शेवटच्या टेबलावर तसंच राहतं. पुलाव आणि पनीर तिथे खाऊ नका, ते तुमच्याच हातचं चांगलं असतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. निघण्यापूर्वी फोन करून त्या दिवशी उघडं आहे ना ते विचारावं. लहान उपाहारगृहांत प्रसाधनगृहाची सोय बेताची असते, म्हणून घरूनच आवरून निघा. म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवत नसतील तर तळमजल्यावरची जागा निवडा. मधुमेह असलेल्यांनी पियुष आणि शिरा चवीपुरता. आणि पैसे कोण देणार ते घरातच ठरवून ठेवा. गल्ल्यापाशी ओढाताण झाली की यजमानाचा हात वर होतो आणि आपली सगळी योजना फुकट जाते. मी तर हात धुवायच्या निमित्ताने उठून आधीच देऊन येते.

यजमानीणबाईंना न्यायचं असेल तर आदल्या रात्रीच सांगा. सकाळी सांगितलं की उशीर झालेला असतो, खोबरं खवून झालेलं असतं. "तुम्हाला त्रास नको" असं म्हणू नका, ते त्यांना लागतं. "मला तिथलं खायचंय, तुम्ही दाखवा" असं म्हणा.

खर्चाचं मनात येतं, हे मलाही ठाऊक आहे. दर रविवारी हे कुणालाच परवडणार नाही. पण महिन्यातून एकदा? त्यातून भाजी, तेल, गॅस, दूध वजा करा. उरलेली रक्कम दिवाळीच्या चकल्या बाहेरून आणताना आपण बिनतक्रार देतो तेवढीच निघेल बहुधा.

आणि जिथे हॉटेलच नाही त्या गावातल्या मैत्रिणींनी काय करावं? ज्या रविवारी बाहेर जाणं जमत नाही त्या रविवारी साडेदहाला एकदाच सगळ्यांना बसवा. थालीपीठ, दही, उसळ, एवढंच. मधला चहा नाही, दुपारचं जेवण नाही, संध्याकाळी खिचडी. पहिल्या रविवारी घरचे कुरकुर करतात. आमच्याकडे तिसऱ्या रविवारपासून बंद झाली.

सोबत पियुष करता येईल. ताजं, आंबट नसलेलं घट्ट ताक दोन वाट्या, श्रीखंड एक वाटी, चवीपुरती साखर, चिमूटभर मीठ. रवीने घुसळून एकजीव करा, मिक्सरमध्ये फार फिरवलं तर लोणी सुटतं. वर जायफळ किसून, वेलची आणि दुधात खललेलं केशर. तासभर गार ठेवा.

वहिनींचं राहिलंच. त्या रविवारी परत येताना त्या कट्ट्यावर टेकल्या, पायांतल्या चपला काढून. पंधरा मिनिटं म्हणून बसलेल्या साडेअकरा झाले तरी उठेनात. सकाळच्या डाळिंब्या घरी तशाच भिजत होत्या. त्या दुसऱ्या दिवशी भावाने सोलल्या, निम्म्या मोडून.